बिल्डिंगचा ग्रुप फुटला, आता बोर्डावरनं भांडण, काय करावं?

तिसऱ्या_गेटापलीकडची:
नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहितेय कारण घरात हा विषय काढला की जेवणाची चव जातेय. आमची बिल्डिंग बेळगावात, टिळकवाडीच्या पुढं, उद्यमबागेच्या अंगाला. मराठी घरं थोडी जास्त, कन्नड घरं पण बरीच, एक कारवारकडचं कोंकणी कुटुंब, एक मुस्लिम कुटुंब, आणि वरच्या मजल्यावर बदलीवर आलेले दोघं तिघं जे बेंगळूर हुबळीकडचे आहेत आणि दोन वर्षात परत जाणार. माझं माहेर निपाणी, म्हणजे सीमाप्रश्न काय मला नवा नाही, आमच्या घरात आजोबांपासून तेच. पण शेजारी म्हणून कधी त्रास झाला नव्हता हे पण खरं.

गोष्ट सुरू झाली २०२५ च्या फेब्रुवारीत. बाळेकुंद्रीजवळ बसमधे कंडक्टरला मारहाण झाली ते प्रकरण आठवत असेल, मग तिकडं चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या बस ड्रायव्हरला काळं फासलं, मग दोन्हीकडच्या बसेस बंद, सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापर्यंत जायचं आणि पुढं चालत पलीकडं जाऊन दुसरी गाडी बघायची असले हाल. त्या दिवसात आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअपवर एकानं एक व्हिडिओ टाकला, दुसऱ्यानं त्याला उत्तर म्हणून दुसरा टाकला, कुठला कधीचा कुणाला माहीत नाही, रात्री साडेबारापर्यंत चाललं होतं. सकाळी ॲडमिननी 'ओन्ली ॲडमिन' करून टाकलं. आणि त्याच दिवशी मला एका नव्या ग्रुपमधे ॲड केलं, 'फक्त आपली माणसं' नावाचा. सगळी मराठी घरं. मग कळलं की तिकडचा पण एक झालाय. म्हणजे आता तीन ग्रुप, मूळचा जो आहे त्यावर फक्त मेंटेनन्सची पावती आणि लिफ्ट बंद असल्याची सूचना.

बस चालू झाल्या, सगळं शांत झालं, पण ग्रुप तसेच राहिले. खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड टीचर आहेत, आमच्या सासूबाई त्यांना अक्का म्हणतात, माझ्या मुलाचं कन्नड त्याच घेतात, शाळेत कन्नड सक्तीचं आहे आणि मला त्यातलं लिहिता येत नाही. त्यांच्याशी बोलणं आहे, पण आता जिन्यात भेटलं की दोघी पण हवामानावर बोलतो.

आता नवीन. बिल्डिंगच्या नावाचा बोर्ड मराठीत आणि इंग्लिशमधे आहे, बांधली तेव्हापासून. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव जवळ आला, पुढं इथलं विधानसभेचं अधिवेशन, तर वरच्या मजल्यावरच्यांचं म्हणणं की आत्ताच कन्नड बोर्ड लावा नाहीतर कुणीतरी येऊन डांबर फासेल आणि गाड्या फोडेल. आमच्या ग्रुपवर लगेच, बोर्डाला हात लावून दाखवा. मधले लोक म्हणतात ते चार दिवस कापड टाकून झाका. मीटिंग लावलीय. मिस्टर म्हणतात तू गप्प बस. मला विचारायचंय की असं तुमच्या बिल्डिंगमधे किंवा गल्लीत झालं का, आणि त्या दुसऱ्या ग्रुपमधे राहायचं की सरळ बाहेर पडायचं? बाहेर पडले तर 'फुटली' म्हणणार. शिवाय सध्या पाण्याचा टँकर कधी येणार हे पण त्याच ग्रुपवर आधी कळतं 😑

गणपत_गल्लीचा:
ताई, आधी बोर्डाचं सांगतो. २०२४ ला कायद्यात बदल झाला तो ६० टक्के कन्नडचा, तो दुकानं, हॉटेलं, कारखाने, दवाखाने, ऑफिसं असल्या धंद्याच्या पाट्यांना आहे. राहत्या बिल्डिंगच्या नावाचा त्यात विषय नाही. म्हणजे कायद्यानं लावायलाच पाहिजे म्हणून कुणी सांगत असेल तर त्याला कायदा दाखव म्हणावं. भीतीनं लावायचा असेल तर तसं सरळ बोलावं, कायद्याचं नाव कशाला.

आता ग्रुपचं. मी जन्मापासून बाजारपेठेत राहतोय, आमच्याकडं गल्लीत असलं होतच नाही असं म्हणणार नाही, होतं, पण त्याची एक पद्धत ठरलेली आहे. १ नोव्हेंबरला इकडं मराठी लोकांचा काळा दिन, सायकल फेरी, काळी फीत, तिकडं चन्नम्मा सर्कलला राज्योत्सवाची मिरवणूक, डीजे, लाल पिवळे झेंडे. कुठल्या रस्त्यानं कोण जाणार, किती वाजता शटर अर्धं ओढायचं, पोलीस कुठं थांबतात, हे दहा वर्षाच्या पोराला पण पाठ. दगड पडला तर कुणाच्या पोरानं टाकला हे संध्याकाळच्या आत कळतं आणि त्याच्या आईला जाऊन सांगणारी पण कुणीतरी म्हातारी असते, मग ती कन्नड असू दे नाहीतर मराठी. आणि मुख्य म्हणजे देणंघेणं. वडगाव शहापूरकडं बघा, माग एकाचा, सूत दुसऱ्याचं, साडी उचलणारा तिसरा, घर भाड्यानं चौथ्याचं. भांडण करून जाणार कुठं, शनिवारी हिशेबाला परत त्याच ओट्यावर बसायचंय. मी प्रेमाबिमाचं काय सांगत नाही, उधारीचं सांगतोय.

तुमच्या बिल्डिंगमधे कुणाचं कुणाकडं काय अडकलेलं नाही. दूध ॲपवरनं, किराणा ॲपवरनं, पोरं आपापल्या शाळेच्या व्हॅननं. शेजाऱ्याबद्दल काहीच माहीत नाही मग ती जागा व्हिडिओ भरून काढतो. माझ्या मेव्हण्याचा फ्लॅट हनुमाननगरला आहे, तिथं २०२१ च्या डिसेंबरात, ते बेंगळूरला शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली आणि मग इकडं अनगोळला कित्तूरच्या क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाचा पुतळा फोडला तेव्हा, वॉचमननं रात्री गेट लावून घेतलं आणि आत सगळे एकमेकांना घाबरून बसले. बाहेर कोण नव्हतंच. अनगोळात प्रत्यक्ष काय झालं हे अनगोळवाल्यांना माहीत होतं, म्हणून तिथं दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायची तयारी चालली होती आणि फ्लॅटवाले आठवडाभर तांदूळ भरून.

ग्रुप सोडू नका. म्यूट करा.

कंग्राळीकर:
वरचं वाचून बरं वाटलं असेल सगळ्यांना, गल्लीत कसं छान. पण मूळ मुद्दा सोडून चाललोय आपण. शांतता पाहिजे म्हणून बोर्ड झाका, बरं, कुणाचा झाकायचा? मराठीच ना. आजपर्यंत कधी कुणी म्हटलंय का की १७ जानेवारी, आमचा हुतात्मा दिन आला, हुतात्मा चौकात लोक येणार, त्यांना वाईट वाटेल म्हणून कन्नड बोर्ड झाका? शेजारधर्म म्हणजे दर वेळी एकानंच मागं सरकायचं असतं काय.

१९५६ ला १ नोव्हेंबरला आम्हाला मुंबई राज्यातनं उचलून म्हैसूर राज्यात टाकलं, कुणाला विचारलं नाही. सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ ला निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या म्हटलं, बेळगाव नाही म्हटलं, ते महाराष्ट्राला पटलं नाही आणि कर्नाटक म्हणतंय तेच शेवटचं, तेव्हापासून तसंच. २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा, माझा भाचा तेव्हा पाळण्यात होता आता त्याचं लग्न बघायलेत. १९८६ ला कन्नड सक्तीच्या विरोधात आंदोलन झालं, गोळीबार झाला, हिंडलग्याला स्मारक आहे, १ जूनला जाऊन बघा किती घरचे लोक अजून येतात. २०१४ ला येळ्ळूरला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढला आणि मग गावात लाठीमार झाला, घरात शिरून मारलं म्हणून तक्रारी झाल्या. त्या आठवड्यात माझ्या ऑफिसातले कन्नड सहकारी, चांगली माणसं हां, डबा वाटून खाणारी, एकानं विचारलं नाही की येळ्ळूरला तुझं कोण आहे काय. माझी सख्खी बहीण आहे तिथं.

तर ताई, दुसरा ग्रुप केला म्हणून फूट पडली असं नाही. फूट होतीच, आता तिला नाव मिळालं एवढंच. आणि तो ग्रुप कशाला लागतो ते पण बघा. तलाठ्याकडचा उतारा कन्नडात, पाणीपट्टीची नोटीस कन्नडात, आमच्या आईला रेशनची पाटी वाचून दाखवायला नातू लागतो. १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत नियम, सूचना द्यायच्या हे केंद्रानं १९५६ लाच ठरवलंय. मागून मागून थकलो. मग आपल्यातल्या आपल्यात विचारायला एक जागा पाहिजे की नको? राहा ग्रुपमधे, लाजायचं काय त्यात. बोर्ड आहे तसा ठेवा.

सदाशिवनगर_६२:
मी कन्नड घरातला, लिंगायत. शिकलो शहापुरात मराठी शाळेत, कारण वडिलांच्या वेळेला मुंबई राज्य होतं आणि घराजवळ तीच शाळा होती म्हणून थोरल्या भावंडांना घातलं, मग मला पण तिथंच. त्यामुळं हिशेब अजून मराठीत करतो आणि भांडतो कन्नडात, बायको म्हणते उलटं असायला पाहिजे होतं.

कंग्राळीकर, तुम्ही बहिणीचं लिहिलंय त्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, म्हणून ते तसंच सोडतो. आमच्या लोकांनी विचारायला पाहिजे होतं.

पण एक आमच्या बाजूचं पण ऐका. तुम्हाला वाटतं इकडं सगळे एक आहेत. माझा पोरगा बेंगळूरला कंपनीत आहे, तिथं त्याचं कन्नड ऐकून लोक म्हणतात बेळगावी काय, म्हणजे अर्धा मराठी, 'बन्नी, होगी' असं बोलत नाही म्हणून हसतात. आणि इकडं सुट्टीला आला की त्याचे मराठी मित्र म्हणतात आला बेंगळूरवाला. आंदोलनाला जे बसेस भरून येतात ते पण इथले नसतात हो, २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड मारले त्यात बाहेरनं आलेले किती होते ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. ते रात्री परत गेले. त्याच दिवसात कोल्हापूरकडनं सौंदत्तीच्या यल्लम्माला येणारी माणसं अडकली, त्यांना तर ह्या प्रश्नाशी काय घेणं नाही, देवी कर्नाटकात आहे म्हणून कुणी नवस बदलत नाही.

ताई, तुमच्या त्या खालच्या टीचरबद्दल सांगतो. तुमचा ग्रुप आहे हे त्यांना माहीत आहे. असल्या गोष्टी लपत नाहीत, पोरं सांगतात. आमच्या नगरात पण आहे, मी पण आहे त्यात, आणि त्यात काय चालतं तर गुड मॉर्निंग, मठाच्या कार्यक्रमाची पत्रिका, आणि वर्षातनं दोन तीनदा विष. ते विष टाकणारे ठराविक दोघं. बाकीचे गप्प बसतात त्याचा अर्थ पटतं असा नसतो, पण बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसणार. तुम्ही गप्प बसलात तर टीचरांना पण तसंच दिसणार. हवामानावर बोलू नका, सरळ विचारा की बोर्डाचं तुम्हाला काय वाटतं. त्या काय म्हणतील ते तुम्हाला आत्ता वाटतंय तसं नसेल कदाचित.

कोर्टाजवळचा:
छोटंसं, कारण ॲडमिन लोक उगाच घाबरलेले असतात. दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजसाठी नुसतं ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ ला तसं म्हटलंय, केरळ हायकोर्टानं पण २०२२ ला. पण टाकणारा आणि फॉरवर्ड करणारा मात्र सुटत नाही. दोन गटात तेढ लावणारं काही पाठवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, जुनं १५३ अ. "मला आलं ते पुढं पाठवलं" हे उत्तर चालत नाही. ज्यांच्या पोरांना पासपोर्ट, सरकारी नोकरी पाहिजे त्यांनी हे घरात वाचून दाखवावं. पोलीस स्टेशनला सणाआधी आणि १ नोव्हेंबरच्या आधी शांतता समितीची बैठक होते, तिथं बिल्डिंगकडनं कुणीतरी जा, बंदोबस्ताला एक माणूस मागा. डांबर फासायची भीती आहे ना, मग ते तिथं सांगायचं, व्हॉट्सअपवर सांगून कोण येणार आहे.

कॅम्पकर:
सगळ्यांचं वाचलं. तुमच्या बिल्डिंगमधलं ते एक मुस्लिम कुटुंब, त्यांना कुठल्या ग्रुपमधे घेतलंय ताई? 😀

विचारायचं कारण सांगतो. आमच्या घरी दक्खनी उर्दू, बाजारात मराठी, ऑफिसात कन्नड. भाषेचं भांडण लागलं की दोन्हीकडनं विचारतात तुम्ही कुणाकडचे. जनगणनेत मातृभाषा काय लिहिली हे पण विचारलंय एकदा एकानं, चहा पिताना. आणि दुसरं, धर्माचं भांडण लागलं, खडक गल्ली, दरबार गल्लीकडं दगड सुरू झाले की मग काल एकमेकांच्या पाट्या फाडणारे हे दोघं एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या. त्या वेळी तुमचा मराठी कन्नड प्रश्न कुठं जातो ते मला अजून कळलेलं नाही. एका रात्रीत सुटतो आणि महिन्यानं परत येतो.

मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. गणपत गल्लीवाले म्हणतात ते उधारीचं बरोबर आहे, पण उधारी असून पण लोकांनी दुकानं जळताना बघितलेली आहेत ह्या शहरात. माझा अनुभव असा की त्या रात्री कोण येतं हे भाषेवर धर्मावर नाही, कुणाच्या घराची चावी कुणाकडं असते त्यावर ठरतं. आमच्या शेजारी एक मराठा कुटुंब आहे, आडदांड माणूस, बोलताना शिवी दिल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही, फेसबुकवर तर बघवत नाही काय काय टाकतो. त्याच्याकडं आमच्या घराची चावी असते, कारण अम्मी एकटी असते दिवसा आणि तिला शुगर आहे. संचारबंदी लागली तेव्हा औषध तोच घेऊन आला, आणि दारात उभा राहून फेसबुकवर जे टाकतो तेच अम्मीला ऐकवून गेला. अम्मीनं ऐकून घेतलं, मग म्हणाली चहा ठेवलाय. मला त्याचा राग पण येतो आणि चावी पण परत मागवत नाही. आता ह्याला तुम्ही काय म्हणाल मला माहीत नाही.

कंग्राळीकर:
@कॅम्पकर दुसऱ्या भांडणाचं म्हणताय ते खरं आहे, नाकारणार नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या जुन्या लोकांना पण ते कळतंय, मराठी म्हणून एकत्र आलेली पोरं हिंदू म्हणून दुसरीकडं गेली. २०२१ ला महापालिकेत पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हावर निवडणूक झाली, ५८ पैकी ३५ भाजपला, त्यात मराठी नगरसेवक पण आहेतच. तो वेगळा विषय. पण बोर्डावर माझं मत बदललेलं नाही.

@सदाशिवनगर_६२ सर, ठीक आहे.

गणपत_गल्लीचा:
बोर्डावर तिन्ही भाषा टाका आणि विषय मिटवा की. मराठी आहेच, इंग्लिश आहेच, खाली कन्नड एक ओळ.

कंग्राळीकर:
खाली चालेल का त्यांना? वर पाहिजे म्हणतील. सगळं भांडण वर कोण ह्याचंच आहे.

तिसऱ्या_गेटापलीकडची:
सगळ्यांना एकदम उत्तर देते. कॅम्पकर, तुमचा प्रश्न वाचून मी खरंच जाऊन तिन्ही ग्रुप बघितले. त्यांना मूळ ग्रुप सोडून कुठंच घेतलेलं नाही, आणि कोंकणी कुटुंबाला दोन्हीकडं घेतलंय 😅 त्या बाई म्हणाल्या मला दोन्हीकडचं वाचून डोकं दुखतं.

काल अक्कांकडं गेले, मुलाची वही आणायच्या निमित्तानं, आणि विचारलं सरळ. सदाशिवनगरच्या सरांनी म्हटलं तसं त्यांना ग्रुपचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, माझ्याच मुलानं सांगितलं होतं. बोर्डाचं म्हणाल्या, कन्नड बोर्ड पाहिजे, मला माझ्या बिल्डिंगचं नाव माझ्या अक्षरात बघायला आवडेल, त्यात लपवायचं काय. पण कुणीतरी येऊन फोडेल म्हणून लावायचा असेल तर माझा विरोध आहे, तसला बोर्ड मला नको. म्हणजे कंग्राळीकर आणि अक्का, दोघांचं अर्धं म्हणणं एकच निघालं, उरलेल्या अर्ध्यावर दोघं भांडतील. मीटिंगमधे त्या स्वतः बोलणार आहेत. वरच्या मजल्यावरच्यांना अजून माहीत नाही.

कापड टाकायचं मात्र होणार नाही हे नक्की, त्याला अक्कांचा पण विरोध आणि आमच्या ग्रुपचा पण. शांतता समितीच्या बैठकीला जायला सेक्रेटरी तयार झालेत. मी ग्रुप सोडलेला नाही. टँकरचा मेसेज मात्र आता मीच मूळ ग्रुपवर टाकते, ॲडमिनकडनं तेवढी परवानगी काढून घेतली. त्यावर आमच्या एकानं लगेच लिहिलंच, आपल्या माणसांना आधी कळायला पाहिजे ना पाणी. मी उत्तर दिलं नाही, कॅम्पकर म्हणतात तसलाच माणूस आहे तो, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला गाडी पण त्याचीच होती.

मीटिंग रविवारी ११ ला आहे. पाण्याचा विषय पहिला ठेवायला सांगितलाय.

कोर्टाजवळचा:
पाण्याचा पहिला ठेवलात तर बोर्डापर्यंत मीटिंग पोचणारच नाही ताई 😀

गणपत_गल्लीचा:
म्हणूनच ठेवलाय तिनं.